देठ न मोडता दिलेला निकाल

गडहिंग्लजच्या मार्केट यार्डात मिरचीच्या हंगामात एखादी सकाळ काढून बघावी. पोत्याचं तोंड सुटतं आणि घेणारा मूठभर मिरची उचलतो. देठ मोडतो, एखादी वाकवून ओल किती ते बघतो, फोडून बी बघतो, नाकाशी नेतो आणि मग तोंड वाकडं करतो. तोंड वाकडं करणं हा पारखण्याचा भाग नव्हे, भाव पाडण्याचा आहे. पण त्याआधीचं सगळं खरं. लांबट, बारीक, ठसका लावणारी जवारी संकेश्वरी कुठली आणि सुरकुतलेली, रंगाला गडद पण तिखटाला बेताची ब्याडगी कुठली, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. ‘मिरची म्हणजे मिरची, तीत काय बघायचं’ असं म्हणणारा माणूस या गावात परगावचा ठरतो.

आणि हाच चोखंदळ माणूस संध्याकाळी दसरा चौकात चहा पिता पिता शेअरबाजारावर निकाल देतो, तेव्हा देठसुद्धा मोडत नाही. “कापडाचा शेअर? खुळा हैस काय मर्दा! कापडात काय राम न्हाई.” झालं. चहा संपतो, निकाल कायम.

निमित्त घडलं ते माझ्या भाच्याच्या प्रश्नाचं. पुण्यात नोकरी करतो, महिन्याला चार पैसे बाजूला टाकतो. सुट्टीला आला होता. ‘मामा, गरवारे टेक्निकल फायबर्सचा शेअर कसा आहे?’ एवढंच त्यानं विचारलं. मी चष्मा पुसून तोंड उघडायच्या आत बैठकीतल्या चौघांनी त्याला उत्तर देऊन टाकलं. चौघांची नावं लिहीत नाही. गाव लहान आहे आणि त्यातला एक माझा व्याही आहे.

त्यांचं म्हणणं मी त्यांच्याहून नीट मांडतो, म्हणजे सोयीचा शत्रू उभा केला अशी तक्रार नको. कापडाचा धंदा या देशात शे-सव्वाशे वर्षं चालला आणि बुडाला. मुंबईच्या गिरण्या गेल्या, सोलापूरच्या गेल्या, शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात सुरू केलेली गिरणीही गेली. तिकडे अमेरिकेत वॉरन बफेटसारखा माणूस गिरणी विकत घेऊन पस्तावला. या धंद्यात कच्च्या मालाचा भाव दुसऱ्याच्या हातात, पक्क्या मालाचा तिसऱ्याच्या. मधल्या मधे कारखानदार पिळून निघतो. आणि एवढं सांगूनही पटत नसेल तर ज्या कंपनीचं नाव घेतोस तिचाच शेअर बघ, साडेचार हजारांवरून हजाराच्या आत आला. त्यापेक्षा प्लॉट घे. आमच्याकडे पैशाची कुठलीही चर्चा प्लॉटवर येऊन संपते, तशी हीही संपली.

भाचा गप्प बसला. मी गप्प बसणार नाही.

या निकालामागचं दुःख मला परकं नाही. माझे वडील लालबागला गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत पाळ्या लावून झोपायचे, खानावळीत जेवायचे, दर महिन्याला मनीऑर्डर यायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं गिरण्यांतून बाहेर पडली, आणि वडील ‘महिन्याभरात मिटतंय’ म्हणत गावी आले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडिलांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर चढली ती कायमची. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, कुठल्याही जुन्या घरात शिरा, माळ्यावर अशी एक ट्रंक निघेल. दुधानं तोंड पोळलेल्यांची ही मुलं-नातवंडं. ती ताक फुंकून पितात याचं मला नवल वाटत नाही.

पण ताक फुंकून पिणं वेगळं आणि गाय दिसली की पळणं वेगळं.

‘गिरण्या बुडाल्या’ असं आपण म्हणतो, तेव्हा नक्की काय बुडालं? कापड बुडालं का? देशात लोक उघडे फिरायला लागले का? कापड गिरणगावातून उठलं आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला गेलं. संपाच्या कितीतरी आधीपासून जातच होतं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसला तो १९०४ साली. म्हणजे आपल्या माणसाचा साचा लालबागेत थंड पडला, तेव्हा त्याचं काम आपल्याच जिल्ह्यात खडखडत होतं. याला धंदा बुडणं म्हणतात की जागा बदलणं?

बरं, गिरण्यांचा भागधारक बुडाला का? काही बुडाले, सरकारनं ताब्यात घेतलेल्या आजारी गिरण्यांचे कागद रद्दीत गेले. पण सगळे? मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या व्हायचा रस्ता खुला केला, आणि ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्या शेअरची गोष्ट पार बदलली. बाजाराच्या यादीत आजही ‘फिनिक्स मिल्स’ असं नाव आहे. तिथं साचा शोधायला जाऊ नका, मॉल सापडतील. सेंच्युरी टेक्सटाइल्सनं २०२४ मध्ये पाटीच बदलली, आता तिचं नाव आदित्य बिर्ला रिअल इस्टेट. १८७९ सालच्या बॉम्बे डाइंगनं २०२३ मध्ये वरळीची जमीन सुमारे ५,२०० कोटींना जपानी समूहाला विकली. हा न्याय झाला असं मी चुकूनही म्हणणार नाही. माझ्या घरातल्या ट्रंकेला त्यातला एक रुपया मिळाला नाही. पण कामगार बुडाला म्हणजे भागधारक बुडाला असं समजणाऱ्यानं गिरणीही पाहिली नाही आणि शेअरही.

आणखी एक गंमत सांगतो. ‘कापडात राम नाही’ म्हणणारे हे चौघेही रिलायन्सचं नाव निघालं की हात जोडतात. १९७७ साली रिलायन्सनं पहिल्यांदा लोकांना शेअर विकले, तेव्हा ती कंपनी काय करत होती? नरोड्याच्या गिरणीत विमलचं कापड विणत होती. त्या वर्षी आमच्या चौकात ही बैठक भरली असती, तर त्या शेअरचाही निकाल चहा थंड होण्याआधी लागला असता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ज्या कंपनीबद्दल भाच्यानं विचारलं ती शर्टाचं, साडीचं, चादरीचं कापड करतच नाही. तिचं जुनं नाव गरवारे-वॉल रोप्स; १९७६ सालची कंपनी, वॉल या अमेरिकन कंपनीच्या साथीनं निघालेली, कारखाने वाई आणि पुण्यात. २०१८ मध्ये नाव बदलून ‘टेक्निकल फायबर्स’ केलं. मला स्वतःला जुनं नाव जास्त आवडायचं. दोर म्हणजे दोर, त्यात दिखावा नव्हता. ‘टेक्निकल’ म्हटलं की वीसेक टक्के भाव उगाच चढतो असं माझं निरीक्षण आहे, पण ते असो. ही कंपनी दोर करते, मासेमारीची जाळी करते, खेळाच्या मैदानाची जाळी करते, आणि मुख्य म्हणजे समुद्रातल्या मत्स्यशेतीसाठी मोठाले जाळीचे पिंजरे करते. तिची निम्म्याहून अधिक विक्री परदेशात होते.

असलं औद्योगिक वस्त्र आणि नेसायचं वस्त्र यांत फरक धाग्याचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे. इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारक घ्या. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याची फक्त मजुरी, तीही पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबानं, पैशांत मोजलेली. शेजारच्या खळ्यातला माणूस पिकामागे अर्धा पैसा कमी घ्यायला तयार झाला की सुताचं बीम तिकडे जातं. कारण दोघांच्या मागावरून निघणारं कोरं कापड सारखंच असतं. ज्याचा माल शेजाऱ्यासारखाच आहे त्याला भाव ठरवता येत नाही, मग तो कितीही राबो. इथपर्यंत बैठकीतल्या चौघांचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे.

आता नॉर्वेच्या किनाऱ्यावर चला. थंड खाडीत गोल पिंजरे तरंगताहेत, त्यांत सामन मासा वाढतोय. तिथल्या कायद्यानं एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. काढणीच्या वेळी एकेक मासा चार-पाच किलोंचा. मालकाचा सगळ्यात मोठा खर्च माशांच्या खाद्याचा. जाळ्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. पण ते किरकोळ जाळं फाटलं तर? वर्ष-दीड वर्ष खाऊ घातलेलं पीक एका रात्रीत समुद्रात पसार, वर सरकारी दंड आणि बदनामी. जाळ्यावर शेवाळ आणि शिंपले साचले तर आतलं पाणी खेळत नाही, मासे गुदमरतात, पाण्याच्या फवाऱ्यानं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. शिवाय माशांच्या अंगाला लागणाऱ्या उवा. त्या अडवायला पिंजऱ्याभोवती वेगळा पडदा लावावा लागतो. असा मालक जाळं घेताना मीटरमागे दहा पैशांसाठी घासाघीस करील का? तो विचारील, टिकेल किती वर्षं, शेवाळ किती कमी धरेल, मागच्या वादळात कुणाचं फाटलं. ज्याचं जाळं शेवाळ कमी धरतं त्याला तो दोन पैसे जास्त देतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच येतो.

आपल्याकडे बघायचं तर ऊस भरलेल्या ट्रॉलीचा दोर. हंगामात रात्री अकराला ट्रॉली कारखान्याच्या रांगेकडे निघते, तेव्हा दोर स्वस्तातला आणलाय असं सांगून कुठला ड्रायव्हर खूश होतो?

खर्चीवाला आणि पिंजऱ्याचं जाळं करणारा या दोघांना ‘कापडवाले’ म्हणून एका माळेत ओवणं म्हणजे जवारी आणि ब्याडगी एका पोत्यात ओतणं. यार्डात हे कुणी केलं तर तुम्ही त्याला फैलावर घ्याल. चौकात तुम्ही स्वतःच रोज करता.

बफेटचा दाखला तर या चर्चेतला हुकमाचा एक्का. एक्का टाकणाऱ्याला मी एकच विचारलं: बफेटची ती गिरणी, बर्कशायर हॅथवे, कसलं कापड करायची? उत्तर नाही. नावाखेरीज काही माहीत नाही. तर ऐका. बफेटनं १९६२ पासून तिचे शेअर घ्यायला सुरुवात केली, १९६५ मध्ये कंपनी ताब्यात घेतली, आणि १९८५ मध्ये माग बंद केले. ती गिरणी मुख्यतः पुरुषांच्या कोटाच्या आतलं अस्तर विणायची. अस्तर कुठल्या गिरणीचं हे विचारून आजवर कुणी कोट घेतलाय का? शिंपी जे स्वस्त मिळेल ते लावतो. म्हणजे बफेटच्या पश्चात्तापाचा धडा ‘कापडाला हात लावू नका’ हा नाहीच. ज्याच्या मालाला गिऱ्हाईक नावानं मागत नाही, त्या धंद्यात पैसे ओतू नका, हा आहे. तो धडा कापडालाही लागू आहे, सिमेंटलाही, आणि आमच्याकडच्या दर चार दुकानांआड निघालेल्या मोबाइलच्या दुकानांनाही. बफेटच्या नावानं तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटताय, आणि साप शेजारच्या बांधावर बसलाय.

चौघांच्या म्हणण्यात कच्च्या मालाचा मुद्दा सगळ्यात बरा. नायलॉन, पॉलिप्रॉपिलिन, पॉलिथिलिन ही सगळी अखेर खनिज तेलाची लेकरं. तेल भडकलं की धागा भडकतो. पण मग सगळ्या औद्योगिक वस्त्रवाल्यांचा नफा तेलाबरोबर वरखाली व्हायला हवा. होतो का? पुण्याच्याच दोन कंपन्या शेजारी ठेवा. भोसरीची सेंच्युरी एन्का टायरच्या आत घालायचं नायलॉनचं कापड करते; तुमच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरच्या पोटात तेच असतं. तिची गिऱ्हाइकं म्हणजे मोजक्या, बलदंड टायर कंपन्या. २०२१-२२ मध्ये तिला घसघशीत नफा झाला. दोनच वर्षांत तो पाव हिश्श्याच्या आसपास आला. त्याच काळात गरवारेचा नफा वाढला. दोघींचा कच्चा माल तेलाच्याच घरचा, गाव एक, सरकार एक. फरक पडला तो समोरच्या गिऱ्हाइकापुढे भाव धरून ठेवण्याच्या ताकदीत.

इथं एक सापळा आहे तो सांगून टाकतो, कारण अर्धवट शिकलेले त्यातच पडतात. २०२२ च्या त्या भरभराटीत टायरकापडाच्या शेअरचा पीई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट तो आकडा, फार कमी दिसत होता. ‘स्वस्त आहे, उचला’ असं म्हणणारेही आमच्या चौकात होते. कापडात राम नाही म्हणणारेच ते, पण स्वस्त दिसलं की राम आठवतो. चढउताराच्या धंद्यात नफा शिखरावर असताना पीई कमीच दिसणार. लग्नसराईतल्या धंद्यावरून मंडपवाल्याची वर्षाची कमाई मोजण्यासारखं आहे ते.

आता ‘साडेचार हजारांवरून हजाराच्या आत’. हा पुरावा ऐकून मला त्या दिवशी चहाचा ठसका लागला. जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीनं एकास चार बोनस दिला. ज्याच्याकडे एक शेअर होता त्याच्याकडे पाच झाले, आणि भाव त्या हिशेबानं पाचावा हिस्सा झाला. शंभराची नोट मोडून विसाच्या पाच घेतल्या तर शंभराचे वीस झाले असं तुम्ही घरी जाऊन सांगाल का? बोनसनं कुणी श्रीमंत होत नाही, तसा गरीबही होत नाही. पण ज्यानं मोबाइलवर एक आकडा बघितला आणि दुसरा बघितला, मधे काय घडलं ते बघितलं नाही, तो माणूस गंभीर चेहऱ्यानं मला ‘पुरावा’ देतो आणि बैठक मान डोलावते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

न्यायासाठी सांगतो, बैठकीत पाचवाही होता. तो म्हणाला, “आपल्या मराठी माणसाची कंपनी हाय, डोळे झाकून घे.” आबासाहेब गरवारे तासगावचे, मोटारींच्या धंद्यातून सुरुवात करून प्लास्टिक, नायलॉनपर्यंत पोचलेले. अभिमान वाटावा असंच आहे. पण अभिमान ताळेबंदाच्या कुठल्या बाजूला लिहायचा, ते मला त्यानं सांगितलं नाही. डोळे झाकून ‘घे’ म्हणणारा आणि डोळे झाकून ‘नको’ म्हणणारा, दोघांचे डोळे झाकलेलेच.

उघडे ठेवले तर काय दिसतं? वार्षिक अहवाल फुकट मिळतो. २०१५-१६ मध्ये या कंपनीची विक्री सव्वाआठशे कोटींच्या आसपास होती आणि निव्वळ नफा साठ कोटींच्या आसपास. २०२३-२४ मध्ये विक्री १,३०० कोटींच्या वर, नफा २०० कोटींच्या वर. आठ वर्षांत विक्री दीडपटीच्या थोडी वर गेली आणि नफा तिपटीहून जास्त. विकलेल्या रुपयामागे सात-आठ पैसे उरायचे, ते पंधरा-सोळा उरू लागले. हातातल्या गुंतवणुकी कर्जाहून जास्त, आणि कंपनीनं एकापेक्षा अधिक वेळा स्वतःचेच शेअर लोकांकडून परत विकत घेतले. बुडणारा कारखानदार असं वागतो?

एवढं सांगितल्यावर व्याह्यांनी शेवटचा बाण काढला: “मग महाग असणार.” हा एकच प्रश्न चौघांकडून आला जो खरोखर विचारायचा होता, आणि तोही शेवटी, हरल्यावर, आणि उत्तराची वाट न बघता.

तर हिशेब करू. बोनसच्या आधी कंपनीचे शेअर दोन कोटींच्या आसपास, नफा दोनशे कोटींच्या वर. म्हणजे एका शेअरमागे वर्षाला शंभर रुपयांच्या आसपास. भाव साडेचार हजार धरला तर नफ्याच्या पंचेचाळीस पट. बँकेतली सात टक्क्यांची ठेव म्हणजे व्याजाच्या चौदा पट. चौदाचा माल सोडून पंचेचाळीसचा घ्यायचा तर नफा वाढत राहिला पाहिजे, तोही बरीच वर्षं. आता गेल्या आठ वर्षांचा नफा वाढला कशानं ते पुन्हा बघा. विक्रीनं थोडा, रुपयामागे उरणारे पैसे दुप्पट झाल्यानं जास्त. सात-आठाचे पंधरा-सोळा झाले. पुढच्या आठ वर्षांत तीस होतील का? जाळं कितीही चांगलं असलं तरी नाही. पुढची वाढ विक्रीतूनच यावी लागेल. आणि विक्रीच्या वाटेत काय उभं आहे? सप्टेंबर २०२२ मध्ये नॉर्वे सरकारनं मत्स्यशेतीवर ४० टक्के जादा कराचा प्रस्ताव आणला, तेव्हा तिथल्या सामन कंपन्यांचे शेअर धडाधड कोसळले. पुढे तो २५ टक्क्यांवर ठरला. करानं खचलेला मालक नवे पिंजरे पुढं ढकलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं. परदेशात माल विकणाऱ्याच्या हातात नसलेल्या या गोष्टी. महाग की स्वस्त, या वादाला हे मुद्दे पाहिजेत. ‘कापडात राम न्हाई’ हा मुद्दाच नव्हे. ती जांभई आहे.

प्लॉटचं तेवढं राहिलं. गावाबाहेर माळावर एक प्लॉट आहे, बाभळी वाढल्यात, वर्षाला भाडं शून्य. त्याचा पीई किती? भागाकारच होत नाही. तरी त्यात पंधरा लाख घालताना कुणी विचारत नाही की महाग आहे का. सहकारी कारखान्याचा किंवा सूतगिरणीचा भाग घेतानाही विचारत नाही. त्याची दर्शनी किंमत तीच राहते, लाभांशाला कायद्यानं १५ टक्क्यांची मर्यादा, बाजारात विकता येत नाही. तो आपण उसासाठी, साखरेसाठी, मतासाठी घेतो, आणि त्यात गैर काही नाही. पण मग शेअर या शब्दाची आपली सगळी समज तिथंच घडलेली आहे हे तरी कबूल करावं. ज्याचा भाव कधी हललाच नाही असा कागद जन्मभर ट्रंकेत ठेवलेल्या माणसानं भावाच्या चढउताराला जुगार म्हणावं, यात नवल नाही. नवल याचं की तो ते इतक्या अधिकारानं म्हणतो.

माझं म्हणणं एका दमात सांगतो. औद्योगिक वस्त्राची कंपनी ना बापाच्या गिरणीवरून जोखायची, ना अमेरिकेतल्या म्हाताऱ्यावरून, ना मालकाच्या आडनावावरून, ना मोबाइलवरच्या लाल आकड्यावरून. तिचं गिऱ्हाईक कोण, ते तिला नावानं मागतं का, कच्चा माल महागला तेव्हा भाव वाढवता आला का, नफा कागदावरच आहे की रोख येतो, उधारी किती अडकलीय, प्रवर्तकाचे शेअर गहाण आहेत का, आणि या सगळ्याला आज किती पट पैसे मागतायत, हे बघायचं. मिरचीत तुम्ही सात गोष्टी बघता. इथंही सातच आहेत.

भाच्याला शेवटी मी काय सांगितलं, असं व्याही गेल्या रविवारी विचारत होते. मी त्याला घे म्हणालो नाही आणि सोड म्हणालो नाही. गेल्या चार वर्षांचे अहवाल वाचायला सांगितलं. दोन वाचून झालेत असा त्याचा फोन आला.

आणि माझ्याकडे या दोन्ही कंपन्यांचा एकही शेअर नाही. तुमच्यासारखंच मीही ‘नको’ म्हटलंय. फक्त माझ्या ‘नको’ला भाव आहे, तो वहीत तारखेसकट लिहून ठेवलाय, आणि शेअर त्या भावाला आला त्या दिवशी मी घेणार आहे. भाव किती, ते सांगणार नाही. देठ तुमचं तुम्ही मोडा.